नाताळचा प्याला
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस या सभेत चार शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. धर्मगुरू बोलावयास उभा राहिला म्हणजे तो प्रवचनच करणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. आणि प्रवचने तर आपण या मंदिरात गेली पंचवीस वर्षे दर रविवारी ऐकत आला आहात. म्हणून आज आम्ही वेदीवरून उतरून थेट स्वयंपाकघरात शिरावयाचे ठरविले आहे. नाताळ तोंडावर आला आहे. परदेशी गेलेली आपली मुलेबाळे सुटीस घरी येतील, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी 'एग्नॉग करा ना' असे खचित म्हणेल. हे अंड्यादुधाचे दाट, गोड पेय घरच्या घरी कसे करावे, हाच आमचा आजचा विषय होय.

हा विषय आम्ही हौसेने निवडला, असे मात्र कोणी समजू नये. या पेयापायी आमच्या हातून एकदा एक अपराध घडला आहे. तो आज आपणांपुढे सांगावा आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते आपल्या हाती द्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम या पेयाचे कुळ थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन इंग्लंडात गरम दुधात मद्य घालून, मसाला मिसळून 'पॉसेट' नावाचे पेय करीत. सर्दीपडशावर आणि अशक्तपणावर ते देण्याची चाल होती. पुढे त्यात अंडी आली. इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात कडक बिअरला 'नॉग' म्हणत. एग्नॉग या नावातील उत्तरार्ध तेथूनच आला असावा, असे एक मत आहे. अठराव्या शतकात हे पेय अमेरिकेतील वसाहतींत रुजले. तेथे शेतोशेती गाईचे दूध आणि कोंबड्यांची अंडी मुबलक होती, आणि वेस्ट इंडीज बेटांतून येणारी रम स्वस्त होती. सुमारे १७७५ साली मेरीलँडमधील जोनाथन बाउचर नामक एका अँग्लिकन धर्मोपदेशकाने आपल्या पद्यात या पेयाचा उल्लेख केला, आणि हा शब्द लेखी सापडतो त्यातील तो फार जुना उल्लेख समजला जातो. तेव्हा या विषयावर तोंड उघडणारे आम्ही काही पहिले धर्मोपदेशक नव्हे!

या पेयाची भावंडेही पुष्कळ आहेत. हॉलंडात 'ॲडव्होकाट' आहे; प्वेर्तो रिको बेटात नारळाच्या दुधाचे 'कोकितो' आहे. मेक्सिकोत 'रोंपोपे' आहे. ते प्वेब्ला शहरातील संत क्लारेच्या मठातील धर्मभगिनींनी प्रथम केले, अशी तिकडील परंपरा सांगते. या सर्वांस लागणारे जायफळ मात्र पूर्वेकडचे. एके काळी ते केवळ बांदा बेटांत पिके, आणि त्याच्या लोभाने डच व्यापाऱ्यांनी १६२१ साली त्या बेटांतील रहिवाशांचा भयंकर संहार केला. आज कोकणातील बागांतही जायफळ होते आणि आपल्या बासुंदीत व श्रीखंडात ते नित्य पडते. त्या अर्थी हा परदेशी प्याला आपल्या नाकास अगदीच अनोळखी नाही.

आता आमची कथा सांगतो.

तरुणपणी आम्ही अध्ययनासाठी दोन वर्षे अमेरिकेत होतो. तेथील पहिल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सानंतर सारे लोक सभागृहात जमले. बाहेर गुडघाभर बर्फ होते. एक वृद्ध बाई काचेच्या मोठ्या पात्रातून पळीने प्रत्येकाच्या पेल्यात एग्नॉग वाढीत होत्या. घर सोडून सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या आम्हां परक्यास त्यांनी दुसऱ्यांदा पेला भरून दिला आणि खांद्यावर हात ठेवला. त्या रात्री आम्हांस घरची आठवण थोडी कमी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडून कृती वहीत उतरून घेतली. ती जुन्या पद्धतीची होती: कच्चे पिवळे बलक साखरेत फेटावे, त्यात दूध व साय घालावी, आणि शेवटी कच्चे पांढरे बलक फेसून वर सोडावे. चुलीचा संबंध कोठेच नाही.

मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी एका किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामात आमची नेमणूक झाली. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेलो. चोवीस अंडी फोडली. स्वयंपाकास असलेल्या मावशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, दूध आपण तापवल्याशिवाय कुणाला देत नाही. मग अंडं कसं कच्चं देता?"

आम्ही हसून म्हणालो, "मावशी, अमेरिकेत असंच करतात. तुम्ही काळजी करू नका."

त्या गप्प राहिल्या. आम्ही सेमिनरीत सात-आठ वर्षे तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकलेले. मावशींची शाळा चौथीतच सुटलेली. त्या क्षणी आमच्या मनात हाच हिशेब होता, हे आज कबूल करतो.

ते पातेले संध्याकाळी सात वाजल्यापासून सभागृहातील टेबलावर झाकून ठेवले होते. आपल्याकडचा डिसेंबर म्हणजे अमेरिकेतील बर्फ नव्हे, हे भान आम्हांस राहिले नाही. मिस्सा आटोपून रात्री दीडच्या सुमारास आम्ही तो प्याला स्वहस्ते वाटला. सर्वांनी वाखाणणी केली. दुसऱ्या रात्रीपर्यंत नऊ माणसे ओकाऱ्या, जुलाब आणि तापाने अंथरुणास खिळली. त्यात आमचे सत्तरीतील मिर्जोर होते, आणि वेदीवर सेवा करणारा दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्या मुलास इस्पितळात न्यावे लागले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या हाताला सलाईन लावलेले होते. त्याची आई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही दिलंत म्हणून त्यानं दोन पेले घेतले."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्ही आजतागायत विसरलो नाही. मुलगा चौथ्या दिवशी घरी आला, मिर्जोरही बरे झाले. ही देवाची कृपा, आमची हुशारी नव्हे.

मागाहून आम्ही या विषयाचा अभ्यास केला. साल्मोनेला नावाचे जे जंतू आहेत, ते अंड्याच्या कवचावरील घाणीतून येतात एवढेच पूर्वी लोक समजत. परंतु रोगी कोंबडीच्या अंडाशयातूनच ते अंड्याच्या आत शिरतात, आणि वरून स्वच्छ, अभंग दिसणारे अंडेही दूषित असू शकते, हे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत व युरोपात स्पष्ट झाले. शंभरातील नव्याण्णवांहून अधिक अंडी निर्दोष असतात, हे खरे. पण चोवीस अंडी एका पातेल्यात एकत्र केली की त्यातील एक वाईट अंडे साऱ्यांस बाधते. त्यात ते पातेले उबेत सहा तास ठेवले, म्हणजे जंतूंस आपण मेजवानीच दिली. धडधाकट माणूस त्यातून तरून जातो. बालके, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्या जिवावर मात्र बेतू शकते.

उपाय अगदी सोपा आहे, आणि तो मावशींनी दारात उभ्या राहूनच सांगितला होता: तापवावे. अंड्यादुधाचे मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजेच १६० अंश फॅरनहाइटपर्यंत तापविले म्हणजे हे जंतू मरतात. आणि गंमत अशी की पेयास जो दाटपणा, जो मखमली स्निग्धपणा हवा असतो, तोही याच उष्णतेतून येतो. सुरक्षितपणा आणि चव या दोहोंची वाट येथे एकच आहे.

पुढच्या नाताळात आम्ही मावशींना म्हणालो, "मावशी, या वेळी तुम्ही सांगा, आम्ही करतो." तेव्हापासून जी कृती ठरली ती आता सांगतो. आपण लिहून घ्यावी.

आठ-नऊ लहान पेल्यांसाठी एक लिटर दूध, सहा अंड्यांचे पिवळे बलक, १२५ ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर क्रीम, चिमूटभर मीठ, एक लहान चमचा व्हॅनिलाचा अर्क आणि एक जायफळ एवढे साहित्य घ्यावे. जायफळ अख्खे घ्यावयाचे, पण त्यातील पाव चमच्याहून अधिक लागत नाही. अमेरिकेतील कृती गाईच्या दुधाच्या असतात. आपल्याकडील म्हशीच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ अधिक असतो. तेव्हा म्हशीचे दूध असल्यास क्रीम निम्मे करावे, नाहीतर पेय जड होऊन घशाखाली उतरत नाही. घरच्या सायीचा उपयोग करावयाचा तर ती ताजी असावी आणि थोड्या दुधात घुसळून गाळून घ्यावी. फार घुसळली तर लोणी निघेल.

प्रत्येक अंडे आधी वाटीत वेगळे फोडावे, म्हणजे एखादे नासके निघाले तरी बाकीची वाया जात नाहीत. पिवळे बलक व साखर एकत्र करून रंग फिकट होईपर्यंत आणि मिश्रण पळीवरून फितीसारखे पडेपर्यंत फेटावे. साखर घातल्यावर बलक तसेच ठेवून दुसऱ्या कामास लागू नये. साखर बलकातील ओलावा ओढून घेते आणि बारीक टणक कण होतात, ते पुढे विरघळत नाहीत.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध व मीठ घालून एक उकळी आणावी आणि आच बंद करावी. दूध वाफाळत राहील पण खदखदणार नाही, इतके निवू द्यावे. आता मुख्य काम आले. हे गरम दूध एकदम बलकांवर ओतू नये; ओतले तर बलक शिजून त्याच्या गुठळ्या होतात. एका हाताने बलक ढवळीत राहावे आणि दुसऱ्या हाताने दुधाची अगदी बारीक धार सोडावी. निम्मे दूध असे मिसळले की बलक उष्णतेस सरावतात. मग ते सारे पुन्हा पातेल्यात घालावे.

येथून पुढे आच मंद, आणि हात सतत चालता हवा. लाकडी डावाने पातेल्याचा तळ आणि कडा यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ढवळावे, कारण मिश्रण प्रथम तळाशी लागते. पहिल्या वर्षी येथेच आमची फजिती झाली. निम्मे लोक सभागृहात येऊन बसलेले, म्हणून आम्ही आच मोठी केली आणि क्षणात पातेल्यात पाण्यात पोहणारी अंड्याची भुर्जी तयार झाली. मावशी म्हणाल्या, "फादर, बासुंदी कधी घाईनं आटते का?" दूध पुन्हा मागवावे लागले.

याचे कारण असे. बलकातील प्रथिने उष्णतेने हळूहळू उलगडतात, एकमेकांत गुंफली जातात आणि दूध त्या जाळ्यात धरून ठेवतात. यालाच आपण दाटपणा म्हणतो. दूध व साखर यांच्या संगतीत हे काम साधारण ७५ ते ८० अंशांत उत्तम होते. ८३-८४ अंशांच्या पुढे तीच प्रथिने आवळली जाऊन पाणी बाहेर टाकतात आणि मिश्रण फुटते. म्हणून ७१ च्या खाली राहावयाचे नाही आणि ८० च्या वर जावयाचे नाही. स्वयंपाकाचा तापमापक आता बाजारात सहज मिळतो. तो घरी असावा, असा आमचा आग्रह आहे. सोबत मावशींची खूणही ध्यानात ठेवावी: डाव बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी, रेघ तशीच राहिली आणि वरचे मिश्रण तीवर ओघळले नाही, तर झाले. यास आठ-दहा मिनिटे लागतात, कधी अधिकही. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

झाले की लागलीच उतरवावे आणि बारीक गाळणीतून दुसऱ्या भांड्यात गाळावे. थोड्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या तेथेच राहतात. ते भांडे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून ढवळीत निववावे. मग क्रीम व व्हॅनिला घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. निदान चार तास ते थंड व्हावे. थंडपणी त्याचा दाटपणा आणखी वाढतो. फार घट्ट वाटल्यास तापवून थंड केलेले थोडे दूध मिसळावे. दोन दिवसांत ते संपवावे आणि वाढताना टेबलावर दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. नाताळच्या रात्री लोक मिस्सास गेले असता पातेले फ्रिजमध्येच असावे, टेबलावर नव्हे. हे आम्ही किती मोल देऊन शिकलो ते आपण ऐकलेच.

जायफळ वाढतानाच किसावे. त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो; आधी करून ठेवलेल्या पुडीत तो फारसा उरत नाही. पण हात आखडता हवा. जायफळ फार पोटात गेले तर विषासारखे बाधते. प्रत्येक पेल्यावर एक-दोन किसण्या पुरेत. उरलेल्या पांढऱ्या बलकांचे मुलांस आम्लेट करून द्यावे किंवा केकमध्ये घालावे. कच्चे फेसून पेयावर सोडू नये. अंडी न सोसणारा पाहुणा असेल तर त्यास आधी सांगावे, आणि मधुमेह्याने आपला पेला आपणच आवरावा.

आता दारूविषयी. अमेरिकेत या पेयात रम, ब्रँडी किंवा व्हिस्की घालतात, आणि दारूने अंड्यातील जंतू मरतात असे पुष्कळांस वाटते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील जंतुशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेत भरपूर दारू घातलेले एग्नॉग नाताळाच्या कित्येक आठवडे आधी करून थंड जागी मुरविण्याची चाल होती. त्या पद्धतीची पुढे तेथेच परीक्षा झाली, तेव्हा मुद्दाम घातलेले जंतू तीन आठवड्यांनी नाहीसे झालेले आढळले. आरंभीच्या दिवसांत मात्र ते जिवंत होते. तेव्हा त्याच संध्याकाळी दोन झाकणे रम ओतून कच्चे अंडे शुद्ध होते, ही समजूत सोडून द्यावी.

आणि दारूच्या अंगी दुसराही एक गुण आहे. १८२६ सालच्या नाताळात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात कॅडेटांनी एग्नॉगसाठी चोरून व्हिस्की आणली. प्रमुख अधिकारी सिल्व्हेनस थेअर यांनी मद्यास बंदी केली होती. पहाटेपर्यंत खिडक्या फुटल्या, लाकूडसामान मोडले, अधिकाऱ्यांवर हल्ले झाले, आणि पुढे अनेक तरुणांवर लष्करी खटले चालून कित्येकांस विद्यालय सोडावे लागले. इतिहासात याला 'एग्नॉगचा दंगा' म्हणतात. बिचाऱ्या अंड्याचा आणि दुधाचा त्यात काय दोष?

वेस्ट पॉइंट दूर राहिले. आपल्या धर्मग्रामात कोणत्या घरी नाताळच्या रात्री आई मुलांना घेऊन शेजारी जाऊन बसते, हे या सभेत बसलेल्या पुष्कळ जणींस ठाऊक आहे, आणि आम्हांसही. म्हणून आमची एकच विनंती: सर्वांच्या पातेल्यात दारू पडू नये. ज्यास घ्यावयाची तो आपल्या पेल्याचा धनी. परंतु पातेले मुलाबाळांचे, म्हाताऱ्यांचे आणि ज्यांनी मोठ्या कष्टाने ती सोडली आहे त्यांचेही आहे. दारूवाचून हे पेय अपुरे राहील अशी भीती नको. त्याचा दाटपणा मंद आचेतून येतो, बाटलीतून नव्हे.

बंधूंनो, आपण मागील बाकांवर बसून हसत आहात. पण पंधरा मिनिटे ढवळण्याचे काम आपल्याही हातास जमण्याजोगे आहे. या नाताळात तेवढे आपण करावे, आणि ज्या बायका दिवसभर फराळात गुंतलेल्या असतात त्यांना खुर्चीवर बसवून पहिला पेला द्यावा.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. गेल्या नाताळात इस्पितळातला तो मुलगा आम्हांस भेटावयास आला. तो आता बावीस वर्षांचा आहे, नोकरीस लागला आहे. आम्ही फ्रिजमधून पातेले काढले, पेला भरला, वर जायफळ किसले आणि त्याच्या पुढे धरला. त्याने पेला हातात घेतला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "फादर, शिजवलंय ना?"

"शिजवलंय, बाळा," आम्ही म्हणालो.

मग त्याने दोन पेले घेतले.

आपणां सर्वांस या महोत्सवी वर्षाचा नाताळ सुखाचा जावो, असे चिंतून आम्ही आपली रजा घेतो.